कोईचं पिल्लू पारखायचं कसं

कोई या शोभेच्या जपानी माशाचं लालभडक पिल्लू सगळ्यात आधी विकलं जातं. रविवारी नाशिकहून कॉलेजची पोरं येतात, टबावर ओणवी होतात आणि "काकू, हाच द्या" म्हणत ज्याच्यावर बोट ठेवतात, तो मासा बहुतेक वेळा चार इंचातच पुरता रंगून बसलेला असतो. पांढरा स्वच्छ, लाल गडद, कडा रेखीव. त्याला पुढे जायला जागाच उरलेली नसते. अंग वाढेल तसा लाल विरळ होत जाणार. मी तसं सांगते. तरी हवाच असेल तर देते, कारण ज्याला घरच्या टाकीत वर्षभर लाल मासा बघायचाय त्याच्यासाठी तो वाईट नाही. पण ज्याला कोई वाढवायचाय, दोन-अडीच फुटांचा होईपर्यंत सांभाळायचाय, त्याने पहिल्या वर्षी रंगाकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी हाड, मग कातडी, मग रंग.

आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. बागेचा कारभार ह्यांचा, माशांचा माझा. घरामागे सिमेंटचे हौद आहेत आणि बांधाला लागून प्लास्टिक अंथरलेलं छोटं शेततळं. माझं सांगणं या पाण्याचं आणि या हवेचं आहे. मुंबईत गच्चीवर किंवा कोकणात अंगणात पाळणाऱ्यांनी उन्हाळ्या-हिवाळ्याचा हिशोब आपापला लावून घ्यावा.

चार जपानी शब्द लागतील, ते आधीच सांगते. पहिल्या वर्षाचा मासा तोसाई, दुसऱ्या वर्षाचा निसाई. लाल रंग म्हणजे बेनी, काळा सुमी, आणि अंगाची पांढरी जमीन शिरोजी. पांढऱ्यावर लाल तो कोहाकू. त्यातच पाठीवर थोडे काळे ठिपके असले तर सांके. काळ्या अंगावर लाल-पांढरं असेल तर शोवा. आज अर्धवट दिसतो, पण पुढे उघडेल अशी आशा ज्याच्याकडून धरावी तो तातेगोई. आपल्याला शोधायचाय तो हाच.

हे मासे आले जपानच्या निगाता प्रांतातून. यामाकोशी आणि ओजियाच्या डोंगरात भात पिकवणाऱ्यांनी हिवाळ्यात खायला म्हणून पाळलेल्या कार्पमध्ये, म्हणजे आपल्या बाजारातल्या सायप्रिनसच्याच कुळात, रंगीत पिल्लं निघू लागली आणि ती त्यांनी जपली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती बाहेरच्या लोकांनी पाहिली. शोवा त्यानंतरचा, १९२७ सालचा. तिकडे मे-जूनमध्ये अंडी, मग पिल्लं डोंगरातल्या मातीच्या तळ्यांत, आणि ऑक्टोबरात बर्फ पडायच्या आत तळी उपसून मासे घरात आणतात. तळी उपसली की वर्षाची मोठी निवड. आमच्याकडे त्याच महिन्यात गोडी छाटणी चालू असते, घरात कुणाचा हात मोकळा नसतो. म्हणून माझी मोठी निवड डिसेंबरात होते. त्याचा एक फायदाही आहे, तो सुमीच्या वेळी सांगेन.

पाणी आधी

नवा सिमेंटचा हौद बांधला की मासे सोडायची घाई करू नका. सिमेंट चुना सोडत राहतं आणि पीएच नऊच्या वर चढतो. हौद भरायचा, आठवड्याने सोडून द्यायचा, परत भरायचा. पीएच साडेआठच्या खाली टिकायला लागला की मग फिल्टर चालू करायचा. फिल्टरमध्ये जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. तोवर मोजकेच मासे आणि मोजकंच खाद्य. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट घ्याच. दोन्ही शून्य हवेत. आमच्याकडे तर जास्तच जपावं लागतं, कारण पीएच आणि तापमान जितकं वर, तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो. आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलायचं. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन घालवल्याशिवाय हौदात एक बादलीसुद्धा नाही.

पहिल्या वर्षी हजार लिटरला चार-पाच पिल्लं, त्याहून जास्त नाही. दाटीत मासा जगतो, पण अंग धरत नाही, आणि अंग न धरलेल्या माशाचा रंग तपासून काही कळत नाही.

एप्रिल-मे हा खरा कसोटीचा काळ. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात पाणी हिरवं असेल तर शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढतं आणि पहाटे मासे वर तोंड काढून उभे राहतात. हौदावर निम्मी सावली देणारं शेडनेट बांधा आणि एअर पंप रात्री बंद करू नका. वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर पंपाची जोडणी करून घ्या. हीच नेट बगळ्यांपासून आणि खंड्यापासूनही वाचवते. विरोळा मात्र खालून येतो. हौदाच्या सांडव्याच्या पाइपाला जाळी बसवली की तोही थांबतो.

बागाईतदारांसाठी एक वेगळं सांगते, कारण माशांच्या माहितीत हे कुणी लिहीत नाही. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं आणि तांबं माशांना फार थोड्या मात्रेतही घातक. फवारणीचा ब्लोअर बागेत शिरायच्या आधी हौदावर ताडपत्री टाकायची, मग वारा कुठल्याही दिशेचा असो. ब्लोअर आणि फवारणीची टाकी हौदाजवळ धुवायची नाही. ज्या शेततळ्यात मासे आहेत त्यात औषधाची बादली बुडवायची नाही, हे गड्यांना दर हंगामाला नव्याने सांगावं लागतं.

नवीन आणलेलं पिल्लू तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीसह. कोईला हर्पीसचा एक विषाणू होतो, १९९८च्या सुमारास तो ओळखला गेला. साधारण १६ ते २८ अंशांच्या मधल्या पाण्यात तो डोकं वर काढतो आणि त्यावर औषध नाही. थंडीत आणलेला मासा धडधाकट दिसतो आणि फाल्गुनात हौदच्या हौद रिकामा करतो. त्यामुळे वेगळ्या टाकीतलं पाणी बावीस-पंचवीस अंशांवर ठेवा. हिवाळ्यात त्यासाठी हीटर लागला तर लावा.

घरची पिल्लं असतील तर

अंडी घरी घ्यायची हौस सगळ्यांना असते. एक मादी लाखांनी अंडी देते, आणि त्यातून ठेवण्याजोगे मासे बोटांवर मोजावे लागतात. आई-बाप कितीही देखणे असोत. नायलॉनच्या दोऱ्यांचे झुबके नाहीतर धुतलेल्या जलपर्णीची मुळं हौदात सोडली की अंडी त्यांना चिकटतात. सकाळी आई-बापांना बाहेर काढायचं, नाहीतर तेच अंडी खातात. बावीस-चोवीस अंशांना तीन-चार दिवसांत जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लू, बाहेर पडतं. पोहायला लागलं की उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, पण अगदी थोडा, कारण तो पाणी नासवतो. मग आर्टेमिया किंवा डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव. शेणखत टाकून हिरवं केलेल्या शेततळ्यात डाफ्निया आपोआप होतात आणि तिथे पिल्लं हौदापेक्षा झपाट्याने वाढतात; फक्त चतुराच्या अळ्या त्यांना खातात, म्हणून तळं भरल्यावर लगेच पिल्लं सोडायची, आठवडे थांबायचं नाही.

आता निवड. द्राक्षाच्या घडात विरळणी केली नाही तर सगळेच मणी बारीक राहतात, तसंच हे. हात जड होतो पण करावं लागतं. शोवाची पहिली निवड सगळ्यात लवकर: बाहेर पडल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी पांढऱ्या बशीत घेऊन बघायचं. काळपट असतात ती ठेवायची, फिकी असतात ती काढायची; फिक्यांतून शोवा होत नाही. कोहाकूला मात्र महिना-सव्वा महिना थांबावं लागतं. तोवर लाल कुठे आहे तेच कळत नाही. मग अख्खी पांढरी आणि अख्खी लाल पिल्लं आधी बाजूला. पुढची निवड दोन महिन्यांवर, त्यापुढची तीन-साडेतीन महिन्यांवर, आणि प्रत्येक वेळी निम्म्याहून जास्त जातात.

मध्येच दोन-चार पिल्लं बाकीच्यांच्या दुप्पट झालेली दिसतील. आनंद करू नका. ती भावंडांना खाऊन वाढलेली असतात आणि रंगाने बहुधा बेताचीच निघतात. लगेच वेगळी करा.

काढलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात. वाकड्या कण्याची, तोंड न मिटणारी पिल्लं मी लवंगतेल घातलेल्या पाण्यात सोडते. गुंगी येते आणि तशीच जातात. धडधाकट पण साधी असतात ती बोटुकलीएवढी झाली की गावातल्या शेततळ्यांसाठी फुकट देते, आणि घेणाऱ्याला बजावते की सांडव्याला जाळी हवी. गोदावरीत किंवा कादव्यात एकही नाही. आमच्या तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० साली महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. कार्प तळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करतो. रंगीत असला म्हणून त्याचं तोंड गप्प बसत नाही.

खाद्य

पहिल्या वर्षी उद्देश एकच, सांगाडा वाढवणं. ३८ ते ४२ टक्के प्रथिनांचं बारीक दाण्याचं खाद्य, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, पाच मिनिटांत संपेल एवढंच. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. पाणी पंधरा अंशांच्या खाली आलं की दुपारी एकदाच आणि हलकं, गव्हाच्या अंकुराचं; दहाच्या खाली गेलं तर बंद. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो, पण हौदातलं पाणी हवेइतकं उतरत नाही. म्हणून हवामानाच्या बातमीवर नाही, पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरवर ठरवायचं.

रंगाचं खाद्य म्हणजे ज्यात स्पिरुलिना, क्रिल, अस्टाझॅन्थिन असतं ते. माशाला लाल रंगद्रव्य स्वतः तयार करता येत नाही, ते पोटातूनच जावं लागतं, हे खरं. पण या खाद्याने आहे तो लाल गडद होतो, नसलेला उगवत नाही. आणि जास्त झालं की शिरोजी पिवळट-गुलाबी होते. विकणारे नेमकं हेच खाद्य शेवटचे दोन महिने मारून देतात. माझा नियम असा: बाहेरून आणलेलं पिल्लू दोन महिने साध्या खाद्यावर ठेवायचं. जो लाल उरतो तो त्याचा स्वतःचा. पहिल्या वर्षी मी रंगाचं खाद्य जवळपास देतच नाही; दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर, साध्यात थोडं मिसळून, आणि डोक्याचं पांढरं पिवळट वाटलं की त्याच दिवशी बंद.

टबात घेऊन बघणं

हौदात फिरणारा मासा सगळाच सुंदर दिसतो. पारख टबात. टब निळा हवा. पांढऱ्या टबात मासा काही मिनिटांत रंग सोडतो, काळ्यात गडद होतो, आणि तुम्ही टबाचा रंग तपासत बसता. सकाळची वेळ, उघड्यावर पण सावलीत. मासा टबात आल्यावर दहा मिनिटं काही करायचं नाही. घाबरलेला असताना त्याचं पांढरं अंग गुलाबी दिसतं. जाळीने उचलायचं नाही, जाळीने फक्त वळवायचं आणि टब पाण्यात तिरका करून आत घ्यायचं. जाळीत तडफडला की खवले जातात, आणि गेलेल्या खवल्याच्या जागी तोच रंग परत येईल याची खात्री नाही.

फोटो दर महिन्याला, बरोबर वरून, त्याच टबात, त्याच फोनने. मोबाईल लाल रंग फुगवून दाखवतो, म्हणून टबाच्या काठावर मी दर वेळी तोच पांढरा कागद आणि तेच लाल झाकण ठेवते, शेजारी फूटपट्टी. झाकणाचा लाल मागच्या महिन्यापेक्षा जास्त दिसला तर माशाचाही तेवढा वजा धरायचा. फोटो पुतण्या काढतो आणि तोच प्रत्येक माशाचा वेगळा फोल्डर करून ठेवतो. नावं माझी मी देते, ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

आधी हाड

वरून बघायचं. डोकं लांब आणि रुंद, दोन डोळ्यांमधलं अंतर भरपूर, आणि शेपटीचं मूळ जाड. ही तीन लक्षणं असलेला मासा मोठा होतो. टोकदार नाकाचा, बारीक मानेचा, शेपटीकडे एकदम निमुळता होणारा लहानच राहतो. कणा सरळ आहे का ते मासा स्वतःहून पोहत असताना बघा. थांबलेला मासा वाक लपवतो. दोन्ही बाजूंचे पर सारखे, कल्ल्यांची झाकणं पूर्ण मिटणारी. मग पारदर्शक पिशवीत थोडं पाणी घेऊन मासा आत घ्या आणि खालून-बाजूने तोंड, मिशा, पोट बघा. इथे खोट निघाली तर रंग बघायची गरजच नाही. मी तरी बघत नाही, बघितला की मोह होतो.

नर-मादी तोसाईत खात्रीने सांगता येत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एवढं खरं की लवकर रंगणारे, अंगाने सडपातळ, त्यांत नर जास्त; माद्या उशिरा रंगतात आणि मोठ्या होतात.

मग कातडी आणि रंग

शिरोजीपासून सुरुवात. चांगली पांढरी कातडी अपारदर्शक असते, आतलं मांस गुलाबी होऊन बाहेर दिसत नाही. फक्त डोक्यावर सूट द्यायची: लहान पिल्लाच्या डोक्यावरची कातडी पातळ असते, कवटी आतून पिवळट दिसते, आणि वाढीबरोबर ती झाकली जाते. म्हणून पांढरं तपासायचं ते खांद्यामागे, पाठीवर.

कोहाकूच्या लालकडे बघताना 'किती लाल' हे विचारू नका, 'सगळीकडे सारखा आहे का' हे विचारा. डोक्यावरचा, खांद्यावरचा आणि शेपटीजवळचा लाल एकाच जातीचा हवा. तोसाईत तो केशरीकडे झुकलेला असला तर उलट बरं, फक्त जाड आणि एकसारखा हवा. वयाबरोबर तो गडद होतो. चार इंचावर गर्द, जांभळट लाल असलेल्याची मला भीती वाटते.

आता डोळे टबाला लावा आणि लाल ठिपक्याच्या कडा बघा. खवले डोक्याकडून शेपटीकडे एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे ठिपक्याच्या पुढच्या कडेला पांढरा खवला लाल खवल्यावर येतो आणि आतला लाल त्यातून निळसर-गुलाबी झिरपल्यासारखा दिसतो. हिला साशी म्हणतात. मागच्या कडेला लाल खवला पांढऱ्यावर असतो, म्हणून तिथे कड स्वच्छ कापलेली हवी, ती किवा. तोसाईत साशी रुंद आणि धुरकट असेल तर घाबरू नका. कातडी जाड आहे, रंग अजून वर यायचाय, असा त्याचा अर्थ. मासा पुरा होईल तसा हा पट्टा एका खवल्यापर्यंत आणि मग त्याहूनही अरुंद होतो. ज्या पिल्लात पुढची कडही मागच्याइतकीच धारदार आहे ते आजच पुरं झालंय. मागची कड मात्र आजच धुरकट असेल तर ती पुढे सुधारेल म्हणून थांबू नका.

मुख्य ठिपक्यांच्या आजूबाजूला फिक्या केशरी रंगाचे तुकडे असतात, ते जातात. त्यांना जमेत धरू नका. लालमध्ये एखादा खवला पांढरा सुटून खिडकी पडली असेल तर वाढीबरोबर ती भरत नाही, मोठी होते. नक्षीचंही तसंच: नक्षी फक्त माशाबरोबर ताणली जाते, नवी येत नाही. पाच इंचावर नाजूक वाटणारे छोटे ठिपके दोन फुटांवर शिंतोडे वाटतात, आणि पाच इंचावर बोजड वाटणारा मोठा ठिपका तिथे बरोबर बसतो. डोक्यावर लाल हवाच, पण नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलेला नको. शेपटीच्या आधी थोडी पांढरी जागा सुटलेली हवी.

सांकेमध्ये आधी कोहाकू बघायचा, काळा नंतर. काळा पाठीच्या वरच्या अर्ध्यात, डोक्यावर नाही. पांढऱ्यावर बसलेला काळा लालवर बसलेल्यापेक्षा बरा. लहानपणी दिसणारे बारीक ठिपके एकदा बुडतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षाने, त्याच जागी वर येतात. परांत बारीक काळ्या रेघा असल्या तर आत सुमी आहे असं समजा.

शोवा म्हणजे मात्र निव्वळ संयम. माझ्याकडे आत्ता एक शोवा आहे, हाताच्या पंजाएवढा. वरून बघणाऱ्याला तो राखाडी दिसतो. डोक्यावर लाल आहे पण कळकट, खांद्यावर पांढरं म्हणावं तर पांढरं नाही. जाऊबाई त्याला 'धुवायचा राहिलेला' म्हणतात. पण सकाळच्या उजेडात टबात घेतला की पाठीच्या खवल्यांखाली निळसर पट्टे आडवे गेलेले स्पष्ट दिसतात, एक नाकावरून डोक्यात शिरलाय, दुसरा खांद्यावरून पोटाकडे उतरलाय. खवल्याच्या वरच्या पापुद्र्यात काळा नाही, खालच्या थरात आहे. बाजूचे दोन्ही पर सबंध काळे आहेत. शोवात ते आकसत आकसत मुळाशी गोलाकार काळे उरतात, बाकीचा पर पांढरा होतो. म्हणजे आज पर सबंध काळा आहे ही खोट नाही. खाली निळसर पट्टा दिसतोय तोवर तो मासा मी कुणाला देणार नाही. खाली काहीच नसलेला नुसता राखाडी मासा वेगळा. त्यात वाट बघण्यासारखं काही नसतं.

आणि हा डिसेंबरचा फायदा. थंड पाण्यात सुमी वर येते, गरम पाण्यात बुडते. आमच्या बोअरचं पाणी जड, चहाच्या भांड्याला पांढरा थर बसवणारं, तेही काळ्याला मानवतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत काळा कुठे-कुठे आहे त्याचा जवळपास पूर्ण नकाशा मिळतो. तोच फोटो जपून ठेवा. एप्रिलमध्ये मला हमखास फोन येतात, "काकू, काळा गेला." गेलेला नसतो, खाली उतरलेला असतो. पुढच्या थंडीत परत बघायचं, आणि मागच्या थंडीच्या फोटोशीच ताडायचं, उन्हाळ्याच्या नाही.

बाकीच्या जाती थोडक्यात. ओगोनसारख्या चकाकणाऱ्या माशांत डोक्याची झळाळी तीन इंचावरच कळते. डोकं मळकट असेल तर पुढे उजळत नाही, सोडून द्या. गिनरिन, म्हणजे चमचमत्या खवल्यांचा, लहानपणीच ओळखू येतो आणि त्या चमकेने भलभलते दोष झाकले जातात, म्हणून त्याचा कणा दोनदा तपासा. गोशिकी, म्हणजे पाच रंगांचा, थंडीत इतका काळवंडतो की ओळखू येत नाही, तेव्हा त्याचा निर्णय थंडीत घेऊ नका. चागोई नुसता तपकिरी असतो, त्यात बघण्यासारखं अंगच. पण तो सगळ्यांत आधी हातातून खायला लागतो आणि बाकीच्यांना माणसाळवतो, म्हणून प्रत्येक हौदात एक असावा.

मोठा कोई वरून कसा दिसतो हे डोळ्यांत बसवायचं असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेली बाग आहे ती. पुलावर उभं राहून ओढ्यातल्या कोईंची नक्षी अंगावर कुठवर ताणली गेलीय ते बघा. हौदातल्या पिल्लाचा अंदाज त्यानंतर जास्त बरोबर येतो.

दुसऱ्या वर्षाची चाळणी

दुसऱ्या डिसेंबरात मासा फूट-सव्वा फुटाचा झालेला असतो. आता नर ओळखता येतात: हंगामात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या काड्यांवर बारीक पांढरे दाणे येतात, बोट फिरवलं की खरखर लागते. नराचा रंग यापुढे फारसा चढणार नाही. आज आवडतो तर ठेवा, पुढे आवडेल म्हणून ठेवू नका. मादीला आणखी एक-दोन वर्षं द्यायला हरकत नाही, जर शिरोजी मागच्या वर्षीपेक्षा पांढरी झाली असेल, लाल एकसारखा राहिला असेल आणि पोटाबरोबर खांदेही भरले असतील. नुसतं पोट वाढलं असेल तर खाद्य जास्त होतंय.

ह्यांचं दरवर्षीचं म्हणणं असतं की हौद वाढवू. मी मासे कमी करते. हौदात तीन मासे कमी झाले की उरलेल्यांची वाढ महिन्याभरात डोळ्यांना दिसते.

द्यायचे ठरलेले मासे बांधायच्या आधी एक दिवस उपाशी ठेवा, नाहीतर पिशवीतच अमोनिया होतो. दुहेरी पिशवी, एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू. गाडीत पिशवी आडवी आणि प्रवासाच्या दिशेला काटकोनात ठेवायची, म्हणजे ब्रेक लागला तरी मासा नाकावर आपटत नाही. पोचल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं नव्या पाण्यावर तरंगू द्यायची आणि मग मासा तेवढा आत घ्यायचा. पिशवीतलं पाणी हौदात ओतायचं नाही, झाडाला घालायचं.